स्नोबोर्डवर कार्व्हिंग: बोर्ड वळवायचा नाही, कलवायचा

वळण पूर्ण झालं की उताराच्या कडेला थांबा आणि मागे राहिलेल्या स्वतःच्या खुणेकडे बघा. बर्फावर हातभर रुंद खरवडलेला पट्टा दिसत असेल, तर ते वळण घसरत घेतलेलं आहे. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक, खोल, दोन्ही काठ शाबूत असलेली एकच रेघ दिसली, तर ते कार्व्हिंग. वेग किती होता, अंग किती झुकलं होतं, हात बर्फाला लागला की नाही, यावर निकाल लावायचा नाही. निकाल रेघेवरून लावायचा.

सुरुवातीच्या दिवसांत सगळे जण घसरतं वळणच शिकतात. मागचा पाय बाहेर ढकलायचा, बोर्ड आडवा होतो, बर्फ खरवडतो, वेग कमी होतो. यात चूक काही नाही. अरुंद वाटेवर, गर्दीत आणि बर्फ काचेसारखा झालेला असताना तेच वळण उपयोगी पडतं, आणि ते पक्कं येत नसेल तर कार्व्हिंगकडे वळूच नये. पण मागच्या पायाची ती ढकलण्याची सवय इथे आड येते. कार्व्हिंग शिकताना नवं काही करण्यापेक्षा हा एक जुना धक्का सोडणं जास्त कठीण जातं.

बोर्ड आपणहून का वळतो

बोर्ड सपाट जमिनीवर ठेवून वरून बघितला की तो मध्ये निमुळता दिसतो. नोज (पुढचं टोक) आणि टेल (मागचं टोक) यांच्याजवळ साधारण २९ ते ३० सेंटिमीटर, कमरेत २५च्या आसपास. बाजूची ही आत गेलेली कमान म्हणजे साइडकट. बोर्ड सपाट असताना तिचा काही उपयोग नसतो. पण तो एजवर, म्हणजे पोलादी कडेवर, कलला की नोज आणि टेलजवळची रुंद टोकं आधी बर्फाला टेकतात आणि कंबर अधांतरी राहते. वरून तुमचं वजन पडतं, कंबर खाली दबते, बोर्ड धनुष्यासारखा वाकतो. त्या वाकलेल्या एजचा आकार हेच तुमचं वळण. नोजकडचा भाग चर कापतो आणि मागची सगळी एज त्याच चरातून जाते.

साइडकटची त्रिज्या बोर्डाच्या माहितीत मीटरमध्ये दिलेली असते. सर्वसाधारण बोर्डांची ती ७ ते ९ मीटर असते, कार्व्हिंगसाठी बनवलेल्यांची त्याहून मोठी. वळणाची त्रिज्या मात्र साइडकटइतकीच राहत नाही, बोर्ड जितका जास्त कलेल तितकी ती आवळत जाते. कडक बर्फावर ढोबळ हिशेब असा: ८ मीटर साइडकटचा बोर्ड ३० अंश कलला तर वळण सुमारे ७ मीटरचं, ४५ अंशांवर साडेपाच मीटरचं, ६० अंशांवर ४ मीटरचं. म्हणजे वळण लहान हवं असेल तर बोर्ड फिरवायचा नाही, आणखी कलवायचा.

वेगाचाही याच्याशी थेट संबंध आहे. अख्खं शरीर बोर्डासोबत सरळ रेषेत झुकलं असं धरलं, तर त्याच बोर्डावर ३० अंशांचा कल तोलायला ताशी सुमारे २२ किलोमीटर वेग लागतो, ४५ अंशांना २७ आणि ६० अंशांना ३०. आकडे ढोबळ आहेत, पण त्यातून दोन गोष्टी कळतात. एक, अगदी हळू जाताना बोर्ड खूप कलवला तर तुम्ही आतल्या बाजूला पडणारच. दोन, पुरेसा वेग नाही म्हणून कार्व्हिंग जमत नाही ही तक्रार बहुतेक वेळा खरी नसते, कारण ताशी वीस-बावीस किलोमीटर हा सौम्य उतारावर सहज मिळणारा वेग आहे. पायांवरचा भारही लक्षात असू द्या. ४५ अंशांवर तो शरीराच्या वजनाच्या १.४ पट होतो, ६० अंशांवर दुप्पट. वळणाच्या शेवटी उताराची ओढही त्यात मिळते. मांड्या थकल्या की तंत्र बिघडतं ते यामुळे.

बोर्ड, बूट आणि बाइंडिंग

नवं काही विकत घ्यायच्या आधी बूट बोर्डाबाहेर किती डोकावतात ते तपासा. बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडीत, बूट घट्ट बांधा, बोर्ड कठीण जमिनीवर ठेवा आणि बुटाचं टोक जमिनीला टेकेपर्यंत तो बोटांच्या बाजूला कलवा. मग टाचेच्या बाजूलाही तसंच करून बघा. टेकण्याआधी निदान ५५ ते ६० अंश मिळाले पाहिजेत. बर्फात एज रुतते, त्यामुळे तिथे याहून कमीच मिळतात. बूट आधी टेकला तर एज उचलली जाते आणि बोर्ड पायाखालून एका क्षणात निसटतो. ही पडझड तंत्राची नसते, मापाची असते, आणि कितीही सराव केला तरी जात नाही. उपाय तीन आहेत: जास्त रुंद कमरेचा बोर्ड, बाहेरून आखूड असलेला बूट, किंवा बाइंडिंगचे कोन वाढवणं. आणि एका बाजूला बूट जास्त बाहेर असेल तर आधी बाइंडिंग आडवं सरकवून दोन्हीकडे सारखं करून घ्या, त्याला काही खर्च नाही.

कोनांबद्दल खूप वाद होतात. पुढचा पाय +१५ आणि मागचा −१५ (अधिक म्हणजे नोजकडे वळलेला, उणे म्हणजे टेलकडे) अशा बदकचालीच्या मांडणीतही स्वच्छ कार्व्हिंग होतं. त्यात मागचा गुडघा प्रवासाच्या उलट दिशेला उघडतो आणि टाचेच्या वळणात कंबर नोजकडे वळवणं जड जातं, एवढंच. दोन्ही पाय पुढे वळलेले असले की हे सोपं होतं. सुरुवातीला पुढचा +२१ ते +२७ आणि मागचा +३ ते +९ ठेवून बघा. अंगवळणी पडलं की +३० आणि +१५ पर्यंत जाता येतं. बहुतेक बाइंडिंगच्या चकतीवर एक खूण ३ अंशांची असते. एका वेळी एक-दोन खुणाच बदला आणि त्यावर अर्धा दिवस तरी चालवा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला ओढ जाणवली तर लगेच मागे या. दोन पायांतलं अंतर खांद्यांएवढं किंवा किंचित जास्त असू द्या. फार फाकवलेले पाय स्थिर वाटतात, पण कंबर एजच्या वर आणायला जागाच उरत नाही.

हायबॅक, म्हणजे बाइंडिंगचा पोटरीमागचा उभा आधार, टाचेच्या एजला समांतर फिरवून घ्या आणि पुढे एक-दोन खाचा झुकवा, म्हणजे गुडघा वाकलेला असताना पोटरी त्याला टेकलेली राहील. बुटात टाच वर उचलली जात असेल तर बाकीचं सगळं वाया जातं, कारण तुम्ही टाच उचलता आणि बोर्ड जागचा हलत नाही.

एजची धार नखावर बघतात. नखाची पाठ एजवर अलगद आडवी ओढली की पांढरा बारीक भुगा निघाला पाहिजे. नुसतीच घसरली तर कानस लावायची वेळ झाली. बाजूचा कोन ८९ किंवा ८८ अंश आणि तळाकडून सुमारे १ अंशाचा उतार, एवढं बहुतेकांना पुरतं. नोज-टेलच्या वर वळलेल्या टोकांवरची धार थोडी मारायला हरकत नाही. पण जो भाग बर्फाला टेकतो त्याची धार शेवटपर्यंत कायम ठेवा, वळण तिथूनच सुरू होतं.

उतार, बर्फ आणि मागून येणारे

यंत्राने सारखा केलेला, सकाळचा, बोटाच्या पेराएवढ्या बारीक सऱ्या दिसणारा बर्फ सर्वांत चांगला. त्यावर स्वतःची रेघही स्पष्ट वाचता येते. दुपारी तो ढिगाऱ्यांचा होतो, मग रेघ दिसत नाही आणि एजही मध्येच बुडते. उतार सौम्य आणि रुंद निवडा, असा की बोर्ड सरळ खाली सोडला तरी भीती वाटू नये. ही अट मी सोडणार नाही. भीती वाटली की मागचा पाय आपोआप ढकलतो आणि मग हजार सूचनांचा उपयोग नसतो.

कार्व्हिंग करणारा उताराची पूर्ण रुंदी वापरतो, शेवटी वरच्या दिशेलाही वळतो, आणि मागून येणाऱ्याला याचा अंदाज नसतो. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या, म्हणजे एफआयएसच्या, आचारनियमांत खाली असलेल्याला प्राधान्य आहे. पण त्यातलाच पाचवा नियम सांगतो की उतारावर शिरताना, थांबून पुन्हा निघताना आणि वरच्या दिशेला जाताना आधी वर आणि खाली पाहिलं पाहिजे. बोटांच्या वळणाच्या, म्हणजे पायाच्या बोटांकडच्या एजवर घेतलेल्या वळणाच्या, शेवटी तुमची छाती वरच्या बाजूला असते. तोच क्षण वर नजर टाकण्याचा, कारण यानंतरच्या टाचेच्या वळणात पाठ वर जाते आणि मागचं काही दिसत नाही. कोणी येत असेल तर वळण लांबवा किंवा कडेला थांबा. हेल्मेट हवंच. मनगटाचं संरक्षक कवचही घाला, पडताना हात आपोआप पुढे जातो.

उभं राहण्याची पद्धत

घोटे, गुडघे आणि कंबर तिन्ही थोडे वाकलेले, पाठ सरळ, वजन दोन्ही पायांवर सारखं. खांदे आणि कंबर बाइंडिंगच्या दिशेत, म्हणजे पुढे वळलेल्या कोनांत किंचित नोजकडे. हात बोर्डाच्या दोन टोकांवर, कमरेच्या उंचीला, सैल. नजर वळण जिथे संपणार तिथे. पायाखाली बघितलं की डोकं खाली जातं, मग खांदे, मग कंबर मोडते. कार्व्हिंगमधल्या निम्म्या चुका मानेपासून सुरू होतात.

पहिला सराव: आडवी रेघ

उताराच्या एका कडेला उभे राहा. बोर्ड पूर्ण आडवा न ठेवता नोज थोडा खाली, आडव्या रेषेपासून सुमारे तीस अंश खाली झुकलेला ठेवा आणि बोटांच्या एजवर सोडून द्या. मागचा पाय काहीच करणार नाही. घोटे वाकवून नडग्या बुटाच्या जिभेवर टेकवा आणि वाट बघा. बोर्ड हळूहळू वरच्या बाजूला वळेल, मंदावेल आणि थांबेल. मागे बघा. रेघ बारीक असेल तर तशीच आणखी पाच-सहा वेळा काढा. मग टाचेच्या एजवर तेच.

इथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण बोर्ड लगेच वळत नाही. पहिलं दीड-दोन मीटर तो सरळच जातोय असं वाटतं, आणि त्याच क्षणी मागचा पाय मदतीला धावतो. रेघ नेमकी तिथे पसरट होते. मनात सावकाश तीन आकडे मोजा आणि तोपर्यंत पायाला हात बांधून बसल्यासारखं गप्प ठेवा.

दुसरा सराव: जे-वळण

आता नोज जवळजवळ सरळ खाली, फॉल लाइनच्या दिशेला करा. फॉल लाइन म्हणजे सोडलेला चेंडू ज्या वाटेने घरंगळत जाईल ती वाट. पाच-सहा मीटर बोर्ड सपाट जाऊ द्या, मग हळू कलवा आणि तो आडवा होऊन वर चढेपर्यंत तसाच धरा. खूण इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी उमटते. ८ मीटरच्या साइडकटवर ३० अंशांचा कल धरला, तर आडवं व्हायला सात-आठ मीटर उतार लागतो, तेवढी जागा खाली मोकळी ठेवा. एकदम झटका देऊन कलवू नका. दिव्याचा प्रकाश हळूहळू वाढवावा तसा कल वाढवत न्या, आणि वळण संपेपर्यंत तो कमी करू नका. दोन्ही बाजूंची किमान आठ-दहा स्वच्छ जे-वळणं झाल्याशिवाय वळणं जोडायला जाऊ नका.

टाचेचं वळण

आधी बोटं. बुटाच्या आत पायाची बोटं वर उचला, घोट्यातून टाच दाबा, पोटऱ्या हायबॅकला टेकू द्या. मग कमी उंचीच्या स्टुलावर बसावं तशी कंबर खाली न्या, पण ती एजच्या फार बाहेर जाऊ देऊ नका. छाती उभी. पुढचा खांदा वळणाच्या दिशेला उघडा, हनुवटी त्याच्यावर. मागचा गुडघा पुढच्या गुडघ्याकडे ढकलल्यासारखा आत. मागचा हात मागे लोंबकळत राहत असेल तर तो पुढच्या गुडघ्याकडे आणून ठेवा. एवढ्या एका गोष्टीने कंबर आपोआप नोजकडे वळते.

टाचेच्या वळणाची नेहमीची तक्रार म्हणजे धडधड: बोर्ड बर्फावर थडथड उड्या मारत बाहेर सरकतो, आणि रेघेच्या जागी शिडीसारख्या आडव्या खुणा उमटतात. अनेक जण याचं खापर बर्फावर फोडतात. कारण बहुतेक वेळा असं असतं की पाय ताठ आहेत, कंबर मागे लांब गेलीय आणि छाती मांड्यांवर वाकलीय. अशा अवस्थेत वजन एजच्या वर नसतं. एज निसटते, पुन्हा पकडते, पुन्हा निसटते, आणि ताठ पाय तो धक्का गिळू शकत नाहीत. गुडघे वाकवा, छाती उभी करा, कंबर एजजवळ आणा. तरीही धडधड राहिली तर वळणाचा वरचा भाग तपासा. तिथे कल उशिरा आला असेल, तर सगळा भार शेवटच्या तिसऱ्या हिश्शात एकदम येतो आणि कोणतीही एज तो पेलत नाही.

बोटांचं वळण

नडग्यांनी बुटाची जीभ दाबा, गुडघे बर्फाला टेकायला निघाल्यासारखे आत न्या आणि त्यांच्यामागून कंबर पुढे ढकला. पट्ट्याचं बक्कल वळणाच्या आतल्या बाजूला जातंय असं वाटलं पाहिजे. पाठ सरळ, छाती वर, नजर वळणाच्या शेवटाकडे, म्हणजे जवळजवळ उताराच्या वरच्या कडेकडे.

इथली मोठी चूक कमरेतून मोडणं. बर्फ तोंडाजवळ येतो, भीती वाटते, माणूस वाकतो, ढुंगण टाचेच्या बाजूला बाहेर येतं. दिसायला तो बर्फाच्या जवळ गेलेला असतो, पण बोर्डाचा कल उलट कमी झालेला असतो. हात बर्फाला लावायची हौस हीच चूक पक्की करते. हात खाली नेल्याने बोर्ड कलत नाही. बोर्ड पुरेसा कलला आणि कंबर खाली गेली की हात न नेता लागतो. तोपर्यंत दोन्ही हात कमरेवर ठेवून वळणं काढा, खांदे किती नाचतात ते लगेच कळेल.

पुढच्या पायावर फार भार राहिला तर नोज खोल रुतते, वळण अचानक आवळतं आणि टेल निसटते. सुरुवातीला वजन किंचित पुढे, मध्यावर मधोमध, शेवटी किंचित मागे, असा प्रवास हवा. किंचित म्हणजे बुटाच्या आत जेमतेम जाणवेल एवढा. नोजवर झोकून देणं नाही, टेलवर बसणंही नाही.

एज बदलणं

जे-वळण जमलं म्हणजे अर्धं काम झालं. खरी गाठ दोन वळणांच्या सांध्यात आहे. नवी एज बोर्ड अजून आडवा जात असतानाच लागली पाहिजे, नोज खाली वळायच्या आधी. म्हणजे क्षणभर तुम्ही उताराच्या खालच्या बाजूच्या एजवर असता. पहिल्या दिवसापासून शिकलेलं असतं की खालची एज लागली की माणूस आपटतो, म्हणून अंग ऐकत नाही.

एज अडकते ती बोर्ड आडवा घसरत असताना. घसरणारा बोर्ड खालच्या बाजूला सरकत असतो, तेवढ्यात खालची एज बर्फात शिरली की तो जागीच थांबतो आणि तुम्ही पुढे जाता. बोर्ड स्वतःच्या लांबीच्या दिशेनेच पळत असेल, तर नवी एज अडकायला आडवी गतीच नसते. ती शांतपणे बर्फात शिरते आणि वळण सुरू होतं. म्हणून सांध्याची तयारी आधीच्या वळणाच्या शेवटी होते. शेवटचे दोन मीटर रेघ बारीक असेल तर एज निर्धास्त बदला. तिथे बोर्ड घसरत असेल तर बदलू नका. आडवी रेघ धरा, बोर्ड सरळ पळू लागेपर्यंत थांबा, मग बदला.

सुरुवात लहान करा. सौम्य उतारावर जवळजवळ सरळ खाली जाताना फक्त घोट्यांनी बोर्ड एका एजवरून दुसरीवर लोळवा. कल दहा-पंधरा अंशांचा, खूण लांबट नागमोडी. शरीर मध्येच राहील, बोर्ड खाली डावी-उजवीकडे कलेल. वेग वाढत जाईल, तेव्हा खाली लांब सपाट जागा आहे हे बघूनच करा. पाच-सहा वेळा जमलं की प्रत्येक वळण थोडं जास्त वेळ धरा, मग आणखी थोडं. नागमोड फुगत जाऊन अर्धवर्तुळांपर्यंत पोहोचते.

सांध्यात शरीर हलवायच्या दोन पद्धती आहेत. एकात तुम्ही पाय लांबवून वर येता, बोर्ड हलका होतो आणि शरीर त्याच्यावरून नव्या बाजूला जातं. शिकायला हीच सोपी. दुसरीत गुडघे पोटाकडे मुडपता, डोकं त्याच उंचीवर राहतं आणि बोर्ड तुमच्याखालून पलीकडे जातो, मग वळणात पाय लांब होत जातात. तीव्र उतारावर आणि जलद लहान वळणांत ही कामाची, कारण बर्फाशी संपर्क सुटत नाही. पहिली झोपेतही जमू लागेपर्यंत दुसरीच्या नादी लागू नका.

रेघ कशी वाचायची

रेघ सुरुवातीला पसरट आणि पुढे बारीक: मागच्या पायाने किंवा खांद्यांनी बोर्ड फिरवला. याचं औषध म्हणजे पुन्हा जे-वळण.

सुरुवातीला बारीक आणि फॉल लाइन ओलांडल्यावर पसरट: कल कमी पडला किंवा शेवटी मागचा पाय ताठ झाला. बऱ्याचदा वेगाची भीती हे मूळ असतं. कार्व्हिंगमध्ये वेग खरवडून कमी करत नाहीत, वळण आडव्याच्याही पुढे, थोडं वर चढेपर्यंत धरून कमी करतात. तेवढं धरण्याचा धीर येत नसेल तर उतार तुमच्यासाठी जास्त आहे, सौम्य उतारावर परता.

रेघ छान चाललेली आणि मध्येच एकदम तुटलेली, शेजारी बुटाच्या रुंदीचा ओरखडा: बूट टेकला. वर सांगितलेलं माप बघा.

दोन समांतर रेघा: नोज एका चरातून आणि टेल दुसऱ्यातून गेली. दोन गुडघे वेगवेगळ्या प्रमाणात कलतायत. बहुतेक वेळा मागचा मागे राहतो.

दोन वळणांच्या मध्ये लांब कोरी जागा, जिथे काहीच खूण नाही: बोर्ड सपाट फार वेळ राहिला. हीच जागा धोक्याची, कारण सपाट बोर्डाची कोणतीही एज अडकू शकते. एका एजची रेघ संपते तिथून हातभर अंतरावर दुसरीची सुरू व्हावी.

एका बाजूचं वळण चांगलं आणि दुसऱ्या बाजूचं वाईट असणं अगदी नेहमीचं आहे. सराव मात्र चांगल्या बाजूचाच आपोआप जास्त होतो. वाईट बाजूची तीन जे-वळणं काढल्याशिवाय चांगल्या बाजूचं एकही नाही, असा हिशेब ठेवा.

उतार वाढवताना

सौम्य उतारावर सलग दहा वळणांच्या रेघा बारीक आल्या की पुढच्या उताराकडे जा. तिथे पहिल्या दिवशी जोडवळणं नकोत, पुन्हा आडवी रेघ आणि जे-वळण. तीव्र उतारावर वळणाचा वरचा तिसरा हिस्साच सगळं ठरवतो. तिथे एज लवकर लागली आणि बोर्ड वाकला, तर खाली येईपर्यंत वळण बरंच झालेलं असतं. तिथे वाट बघत बसलात, तर फॉल लाइनमध्ये वेग वाढतो आणि खाली सगळं अंगावर येतं. कडक बर्फावर अंग झुकवण्यापेक्षा गुडघे-कंबर आत आणि छाती उभी, असा कोन जास्त ठेवा, म्हणजे एज थोडी निसटली तरी तुम्ही पायांवर राहता. मऊ बर्फावर उलट: कल सावकाश आणा, भार दोन्ही पायांवर सारखा ठेवा, नाहीतर एज खोल बुडून बोर्ड एकदम थांबतो.

सपाट झोपलेल्या, छाती बर्फाला लागलेल्या वळणांची चित्रं बघून लगेच तसं करायचा मोह होतो. ते करणाऱ्या अनेकांच्या पायाखाली अरुंद अल्पाइन बोर्ड, कडक बूट आणि ५० अंशांहून जास्त कोन असतात. मऊ बुटांवरही खूप खाली जाता येतं, पण आधी रुंद बोर्ड आणि मोकळा उतार हवा.

एका दिवसात या सरावाला दीड-दोन तास पुरतात. टाचेच्या वळणात धडधड वाढली किंवा बोटांच्या वळणात कंबर मोडू लागली, तर मांड्या दमल्या आहेत. तिथून पुढे साधी घसरती वळणं घेत खाली या. उतरल्यावर दोन्ही एज कोरड्या फडक्याने पुसा. रात्रभर ओल्या राहिल्या की सकाळी गंज चढलेला दिसतो, आणि गंजलेल्या एजची धार कालच्यासारखी राहत नाही.